शेवटचा रकाना

कॉलेजकडून तक्ता आलाय.
शिकवणीआधीचे गुण, शिकवणीनंतरचे गुण,
एकूण तास,
आणि शेवटचा रकाना: परिणाम, थोडक्यात.

रुवीत रात्रीचे साडेनऊ.
खाली शावर्मावाल्याचं शटर अर्धं उतरलंय,
एसीच्या नळीखालची बादली भरत आलीय.
जेवणाच्या टेबलावर लोणच्याचा जुना डाग
आणि त्याला खेटून कुणीतरी पेनानं काढलेला
घंटेच्या आकाराचा आलेख.
इथंच बसतात सगळी.
मी संख्याशास्त्र शिकवते,
पाच रियाल तासाला, चहा धरून.

घालिया, गाव इब्रा.
आधी त्रेचाळीस, नंतर एकाहत्तर.
तक्ता खूश होईल.
पण त्याच महिन्यात ती अल खूदला मावशीकडे राहायला आली,
जाऊन-येऊन चार तासांची बस सुटली,
भाऊ हॉस्पिटलातून घरी आला.
आता या अठ्ठावीस गुणांतले
माझे किती, मावशीचे किती,
झोपेचे किती?
मीच तर सांगते पहिल्या दिवशी, दोनदा अधोरेखित करून:
दोन गोष्टी सोबत वाढल्या
म्हणून एकीनं दुसरीला वाढवलं असं नसतं.
कोथिंबीर आणि तण
एकाच पाण्यावर वाढतात.

जिष्णू. अठ्ठावन्नवरून छप्पन्न.
पूर्वी तो पुस्तकाच्या शेवटी जाऊन उत्तर उचलायचा
आणि पायऱ्या उलट्या रचत वर यायचा.
या वेळी चुकला तो स्वतःच्या हातानं चुकला.
कुठं चुकला, ते पेपर सुटताच फोन करून सांगितलं,
आवाजात चक्क आनंद.
मी इकडे पोळी करपवली.

हैथम अकरा वेळा आला,
बाराचे पैसे देऊन गेला,
आणि परीक्षेला बसलाच नाही.
आता मत्राला कस्टममध्ये आहे.
दर रमजानात खजुरांचा डबा पाठवतो,
डब्यावर मोठ्या अक्षरांत: खलास.
ती खजुरांची जात आहे
हे कळायला मला दोन वर्षं लागली.
तोवर वाटायचं, माझ्या शिकवणीबद्दलच काही म्हणतोय.

निकालानंतर घालिया आली, हलवा घेऊन.
म्हणाली, मिस, सातव्या प्रश्नाला अडकले होते,
घाम फुटला,
आणि कानात तुम्ही बोललात.
काय बोलले मी?
मग.
मग?
हेच. असंच. याचा अर्थ काय?

मला ठाऊकच नव्हतं मी असं म्हणते.
इंग्रजीतून शिकवता शिकवता
तेवढं एक अक्षरजोड निसटत असणार,
विद्यार्थी थांबला की.
शिवाय तो शब्द माझाही नव्हे.
सावर्ड्याला खेडेकर सर
गणित अर्ध्यावर आलं की खडू ठेवून भिंतीला टेकायचे,
पाठीला चुना लागायचा,
आणि म्हणायचे, मग?
पुढं काही नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं.
वर्गात पंख्याचा आवाज.
मला बारावीला किती पडले ते आठवत नाही,
तो पंखा आठवतो.

घालियाला सांगितलं, मग म्हणजे यानंतर काय.
म्हणजे बअदेन, ती म्हणाली.
पण बअदेन म्हणजे काम टाळणंही, मिस. नंतर बघू.
आमच्यातही, मी म्हटलं,
मग करते म्हणणारी बाई
करेलच असं नाही.
ती इतकी हसली की हलव्यातला बदाम खाली पडला.

इब्राची मुलगी
मस्कतच्या परीक्षाकक्षात
सावर्ड्याच्या भिंतीला टेकून उभी राहिली असेल
पाचेक मिनिटं.
याचे गुण कोण देणार, आणि कुणाला?

तीन ओळी भरल्यात. हैथमच्या ओळीत रेघ मारली,
मग रेघ खोडली.
शेवटचा रकाना कोराच आहे.
उद्या दुपारपर्यंत पाठवायचाय म्हणे.

बादली भरली.
आधी ती ओतून येते,
मग.